अ लॉट ऑफ तेल

२ सप्टेंबर
साहेबांनी आज बॉम्बच टाकला. कंपनी परदेशी मालकांनी विकत घेतली आहे. सुपरवायझर व्हायचं असेल तर मुलाखत — कॉम्प्युटरच्या पडद्यावर, समोर तिकडची माणसं, आणि सगळं इंग्रजीत! निम्मं आयुष्य लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून काढलं. लिफ्ट कुठे अडते, का अडते, मला झोपेतून उठवून विचारा. पण मराठीत विचारा!

साहेब म्हणाले, बघू या तुमची तयारी. जुन्या लिफ्टना काय त्रास असतो, सांगा इंग्रजीत. मी छाती फुगवून म्हटलं, "मेनी ऑइल इज लीकिंग." साहेब तेव्हा चहा पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला. दोन आठवडे हातात आहेत, असं म्हणाले आणि शर्ट पुसत निघून गेले.

३ सप्टेंबर
हिनं तोडगा काढला. "घरात इंग्रजी शाळेतली मुलगी असताना बाहेर कशाला शोधायचं?"

घरातली मुलगी म्हणजे हिची मुलगी. म्हणजे आता माझीही, पण ते अजून तिकडून मंजूर व्हायचं आहे. वय चौदा. मी मनातल्या मनात बाईसाहेब म्हणतो. लग्नाला वर्ष होऊन गेलं. वाईट वागत नाही, उलट उत्तर देत नाही. फक्त मला हाक मारत नाही. काका नाही, बाबा नाही, अहो नाही, तुम्ही तर नाहीच. "गिझर चालू राहिलाय." "दाराशी कोणीतरी आलंय." "जेवायला बोलावलंय." सगळं भिंतीला सांगितल्यासारखं. भिंत म्हणजे अस्मादिक. मला सुपरवायझर व्हायचं आहेच. पण खरं सांगू का, या पोरीनं एकदा माझ्याकडे बघून माझ्याशी बोलावं, याची आस जास्त आहे.

"शिकवशील ना गं यांना?" हिनं विचारलं.
"बघू," बाईसाहेब फ्रिजला म्हणाल्या.

५ सप्टेंबर
पहिली शिकवणी! जेवणाच्या टेबलावर. बाईसाहेब पट्टी घेऊन बसल्या होत्या.

"ऑइल मोजता येतं का?"
"येतं की. लिटरवर."
"मग लिटर मोजले. ऑइल नाही."

वहीत लिहून घेतलं. मोजता येतं त्याला मेनी, येत नाही त्याला मच. पण बोलताना इतकं तोलून-मापून कोणी बोलत नाही, सरळ 'अ लॉट ऑफ' म्हणायचं, दोन्हींना चालतं. 'लॉट्स ऑफ' म्हणजे तेच, जरा ऐसपैस. 'प्लेंटी ऑफ' म्हणजे पुरून उरेल इतकं. 'अ बंच ऑफ' म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, नाहीतर मित्रांचा घोळका. 'अ कपल ऑफ' म्हणजे दोन, किंवा दोनच्या आसपास. आसपास म्हणजे नक्की किती, असं मी विचारलं. मेकॅनिकला आसपास चालत नाही, आसपास धरून चाललो असतो तर आज हार घातलेल्या फोटोत असतो. त्यावर पट्टी टेबलावर आपटली. आणि हे सगळं बोलण्यापुरतं बरं का, कामाच्या रिपोर्टात 'अ बंच ऑफ' लिहायचं नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. शिकवता शिकवता ती इंग्रजीत शिरली आणि म्हणाली, "यू आर नॉट लिसनिंग!"

यू! म्हणजे मी! वर्षभरात पहिल्यांदा! काय सोयीची भाषा आहे. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द. तिला माझं काही ठरवावंच लागत नाही. लक्ष नव्हतं हे खरं, पण ते आनंदानं उडालं होतं.

६ सप्टेंबर
आजचा धडा — 'इज' कुठे आणि 'आर' कुठे. अ लॉट ऑफ ऑइल इज. अ लॉट ऑफ लिफ्ट्स आर. "लॉटकडे बघायचंच नाही, त्याच्या पुढे काय येतंय ते बघायचं." चटकन डोक्यात शिरलं. आपणही बरंच तेल गळतं म्हणतो आणि बऱ्याच लिफ्ट बंद पडतात म्हणतो — काय गळतं, काय बंद पडतं त्यावरच सगळं! मी खुशीत येऊन धडाधड बरोबर उत्तरं दिली.

बाईसाहेबांनी पुस्तक मिटलं. "यू आर ऑलमोस्ट डन."

डन म्हणजे उद्यापासून पुन्हा गिझर आणि भिंत. कसं सुचलं देव जाणे, मी म्हटलं, "अ लॉट ऑफ लिफ्ट इज ओल्ड."

तिनं मोठ्ठा उसासा टाकला आणि पुस्तक परत उघडलं. मला इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली. पण बरं वाटलं ते वाटलंच.

९ सप्टेंबर
चुका करणं वाटतं तितकं सोपं नाही! रोज नवी हवी, पटेल अशी हवी, आणि फार मोठीही नको — नाहीतर ती हात टेकायची. दिवसभर मशीनरूममध्ये बसून चुका घोकतो. जोडीला मामा असतो — नात्यानं नव्हे, सगळी कंपनीच त्याला मामा म्हणते.

"कोणाला शिव्या देताय मघापासून?"
"अ बंच ऑफ वॉटर, मामा."
वॉटर तेवढं त्याला कळलं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं समजून बिचारा बॅटरी घेऊन तळापर्यंत धावला. वर आल्यावर खऱ्या शिव्या ऐकल्या.

१२ सप्टेंबर
आज कमाल झाली. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "आय हॅव अ कपल ऑफ वाइफ." बाईसाहेब हसल्या! खुर्चीवरून पडायच्या बेतात! ही उलथनं हातात घेऊन बाहेर आली — "काय चाललंय?" तिला कोण सांगणार.

हसण्याच्या भरात बाईसाहेब बऱ्याच बोलल्या, इंग्रजीतच. जिवलग मैत्रिणीनं बाक बदललाय. मधल्या सुट्टीत आता ही एकटीच जिन्यात बसते. निम्मं कळलं, निम्मं चेहऱ्यावरून ताडलं. मध्ये एकही चूक केली नाही, नुसतं ऐकलं. तिच्याही ते लक्षात आलं नाही.

१५ सप्टेंबर
आज ठरवून केलेल्या चुका दोन. न ठरवता केलेल्या त्याहून जास्त. म्हणजे इतक्या अभिनयाची मुळात गरजच नव्हती!

१८ सप्टेंबर
मुलाखत झाली. म्हणजे माझी शोभा झाली.

पडद्यावर एक हसतमुख बाई होत्या. जुन्या लिफ्टना काय त्रास असतो, हेच विचारलं. उत्तर मला येत होतं! डोक्यात अगदी लख्ख होतं. तोंड उघडलं आणि इतके दिवस घोकलेल्या चुका रांग लावून बाहेर पडल्या. अ लॉट ऑफ लिफ्ट इज ओल्ड. अ बंच ऑफ ऑइल आर लीकिंग. एक आवरतोय तोवर दुसरी. तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत, असं त्यांनी विचारलं. चांगली भरलेली टोळी आहे आमची. मी म्हटलं, "अ कपल ऑफ मॅन." बाईंनी काळजीनं विचारलं, सगळ्या इमारती दोघंच सांभाळता? साहेब छताकडे बघत बसले होते.

इतक्या तन्मयतेनं कोणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला नसेल.

२० सप्टेंबर
नाही झालं. ज्याला मी पाना धरायला शिकवलं तो सुपरवायझर झाला. ही म्हणाली, "जाऊ द्या हो, आपल्याला काय कमी आहे?" मीही जाऊ दिलं असतं.

पण बाईसाहेब जेवायला आल्या नाहीत. ही खोलीत डोकावून आली. "रडतेय. म्हणते, मीच नीट शिकवलं नाही, म्हणून असं झालं."

ताट सरकवून उठलो आणि तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"तुझ्या शिकवण्यात काहीच खोट नव्हती. मला दुसऱ्याच दिवशी सगळं आलं होतं. मी मुद्दाम चुकायचो."
"व्हाय?"
"शिकवणी संपली असती ना."
"सो?"
"मग तू बोलायची थांबली असतीस."

ती बघत राहिली. डोळे लाल. मग म्हणाली, "यू मेड अ फूल ऑफ मी." आणि दार लावून घेतलं.

तिची मेहनत होती ती. रोज अभ्यास बाजूला ठेवून बसायची माझ्यासाठी. मी तिचा खेळ केला. फार वाईट वाटतंय, आणि नोकरीचं तर मुळीच नाही.

२३ सप्टेंबर
"दूध उतू चाललंय." भिंतीला.

२६ सप्टेंबर
आज दूधसुद्धा उतू गेलं नाही. संध्याकाळी सवयीनं टेबलापाशी जाऊन बसलो. ही म्हणाली, "काय हवंय?" म्हटलं, काही नाही. मग उगाच टेबलाचा डुगडुगणारा पाय घट्ट करून दिला. तो आठवड्यापूर्वीच केला होता.

३० सप्टेंबर
सकाळी बूट चढवत होतो. बाईसाहेब जवळ येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून, मराठीत, अगदी हळू आवाजात —

"शाळेत पालकांना बोलावलंय. गणितात नापास झालेय मी. आईला आपण नंतर सांगू. तुम्ही या. तुम्ही पण झालायत ना आत्ताच नापास, तुम्ही नाही ओरडणार."

साहेबांना फोन करून सांगितलं, आज उशीर होईल, मुलीच्या शाळेत जायचंय.