शेततळ्यावर बास फिशिंग

५ फेब्रुवारी, सकाळी ६
धुळ्याच्या ऑफिसातली बत्तीस वर्षं संपली. हेडक्लार्क पितांबर पाटील आजपासून शेतकरी. काल सामान घेऊन रावेरजवळ आमच्या गावी आलो. धाकटा भाऊ चुडामण इतकी वर्षं एकट्याने केळी सांभाळतोय. त्याला म्हटलं, एक खातं माझ्याकडे दे, मी काही पाहुणा नाही. तो बराच वेळ कान खाजवत बसला. मग शेततळं दिलं.

काम असं: एप्रिलमध्ये बोअर दम तोडतो. घड नेमके तेव्हाच भरतात. तळ्यातलं पाणी पुरवून पुरवून जूनपर्यंत न्यायचं. अठ्ठावीसशे केळी त्याच्यावर. म्हणाला, भाऊ, निस्ती नजर ठेवा, बाकी काई करू नका.

निस्ती नजर! आमच्या घरात माझी योग्यता कोणाला कळलीच नाही.

६ फेब्रुवारी
निवृत्त माणसाला छंद हवा. माझा ठरलाय. दोन वर्षं लंच टाइमला अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघितलेत. थिअरी पूर्ण, प्रॅक्टिकल तेवढं बाकी. आणि घरचं तळं आयतं ताब्यात आलंय, शंभर फूट बाय शंभर फूट.
बास हा मासा आपल्याकडे नाही. ती त्या माशाची अडचण. टेक्निक कुठेही चालतं.

१० फेब्रुवारी
पार्सल आलं. रॉड साडेसहा फुटी, मीडियम हेवी. रील उजव्या हाताचं. दोरी वीस पौंडी, म्हणजे नऊ किलोचा मासा आला तरी हरकत नाही. नकली आमिषं बारा: रबरी बेडूक, रबरी गांडुळं, आणि तळाशी बुडी मारणारे प्लास्टिकचे मासे, प्रत्येकाच्या पोटाला तीन तोंडांचे दोन-दोन गळ. टोकं इतकी तीक्ष्ण की बघूनच समाधान वाटतं.
पार्सल बायकोने, कामिनीने उघडलं. गळ पदराला अडकला. बाई चिडली की माहेरची अहिराणी बाहेर पडते. हाई काय शे, म्हणे. समजावून सांगितलं. तुमनं बठ्ठं न्यारंच शे, म्हणजे तुमचं सगळंच निराळं, असं म्हणाली आणि कात्री आणायला गेली.

१२ फेब्रुवारी
चुडामणची बायको कोकिळा माळकरी. तिने दारातच सांगितलं, घरात मासा येनार नाई. मी म्हटलं, येणारच नाही. बास फिशिंगचं तत्त्वच ते. पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. शुद्ध शाकाहारी मासेमारी.
ती म्हणाली, मंग पकडायचा कशाले?
असल्या प्रश्नांना उत्तर देत बसलो तर संशोधन होणार नाही.

१६ फेब्रुवारी
धरणावर मासेमारी करणारा पुना मत्स्यबीज घेऊन आला. दोनशे बोटुकली सोडली, प्रत्येक बोटाएवढी. मुद्दाम ‘गवत्या’ जातीची घेतली. पुना म्हणाला, नाना, हे फक्त गवत खाता, दुसऱ्या कशाले तोंड लावत नाई. कोकिळा एकदम खूश. मासेही आमच्या घराण्याला साजेसे.
सगळ्या बाजूंनी विचार करून घेतलेला निर्णय म्हणतात तो हा.

३ मार्च
गच्चीवर कास्टिंग प्रॅक्टिस. लक्ष्य: पाण्याची टाकी. बेडूक गेला शेजारच्या झुलालच्या गच्चीवर. तिथे त्याची बायको वच्छलाबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. ओल्या बिबड्यात बेडूक उतरल्यावर बाईने जी किंकाळी फोडली ती स्टँडपर्यंत गेली असेल.
झुलालने स्वतः बेडूक आणून दिला. हसून हसून त्याला बोलता येईना. घर शेजारी, शेत शेजारी, चुडामणचा बालपणापासूनचा दोस्त. रोज सकाळचा चहा दोघं एकाच ओट्यावर पितात. माणूस चांगला आहे, पण गांभीर्य नाही.
नोंद: टाकी फक्त अकरा फुटांनी हुकली.

११ मार्च
पहिली मोहीम. सकाळी ६ ते १०. बेडूक वापरला. मासा नाही. हवेचा दाब प्रतिकूल.

१४ मार्च
गांडूळ वापरलं. मासा नाही. दाब अनुकूल होता. म्हणजे चूक आमिषाच्या रंगाची.

१९ मार्च, सकाळी ७.४०
लागला!!
व्हिडिओत सांगतात, बास तळाशी दबा धरून बसतो, आमिष तळ खरवडत ओढा. बुडी मारणारा प्लास्टिकचा मासा लावला आणि ओढत आणला. मध्येच असा हिसका बसला की मी दोन पावलं पुढे गेलो. रॉडची कमान झाली. मासा जागचा हलेना! मी ओढतोय, तो ओढतोय. बारा मिनिटं झुंज. शेवटी सगळा जोर लावला. काहीतरी टर्रकन झालं, दोरी तुटली, आमिषासकट पसार.
अंदाजे वजन चार किलो. (बोटुकली सोडून एक महिना झाला. आपल्या पाण्यात कस आहे.)

कामिनीला सांगितलं. म्हणाली, दिसला का? म्हटलं, मोठा मासा दिसत नसतो, जाणवतो.

२८ मार्च
आणखी दोन. दोन्ही तळाशी, दोन्ही हलेनात, दोन्ही टर्रकन आवाज करून गेले. एक तर इतका हट्टी की मी रॉड खांद्यावर घेऊन बांधावरून चालत सुटलो, बैल ओढतो तसा. गवत खाऊन एवढी ताकद! कोकिळेला म्हटलं, बघ शाकाहाराचा महिमा. तिला अभिमान वाटला.
आता दोरी तीस पौंडी मागवतो.

५ एप्रिल
तळ्याच्या उतारावरच्या प्लास्टिक कागदावरून कोणी घसरलं तर धरायला गाठींची दोरी सोडलेली आहे. मागच्या महिन्यात चार गाठी पाण्याबाहेर होत्या. आज सात. चुडामण उभा राहून बघत होता. म्हणाला, भाऊ, आजून तर तळ्यातून ड्रीप सुरूच नाई केलं, मंग पानी कमी कसं व्हऊन रायलं?
म्हटलं, बाष्पीभवन. पारा बेचाळीसवर आहे. कागदावर आकडेमोड करून दाखवली. त्याला आकडे कळत नाहीत, पण मान हलवली. म्हणाला, तुम्ही शिकलेले.
बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

१२ एप्रिल
चौथा परवा गेला, आज पाचवा. हा सगळ्यात मोठा, सहा किलो धरू. आमिषं संपत चाललीत. एकंदर तळ्यात दरारा निर्माण झालाय असं वाटतं.
गाठी: नऊ बाहेर. बगळे फार येतात. बगळा दिवसाला किती पाणी पितो याची माहिती कुठे मिळत नाही.

१९ एप्रिल, दुपार
सापडलं! बाष्पीभवन नाही, बगळे नाहीत.
आज तळ्यामागून फेरी मारली. झुलालच्या बांधाला ओल. भर उन्हाळ्यात त्याच्या बांधावर हिरवंगार गवत गुडघ्याएवढं, आणि आमच्या केळीची पानं कडांनी करपताहेत. बोअर आटलेत, मग याच्याकडे पाणी आलं कुठून? वच्छलाबाई परवा कोकिळेला सांगत होती म्हणे, आमच्या विहिरीले यंदा पानीच पानी.
बत्तीस वर्षांत अशी प्रकरणं कितीतरी हाताळली. झुलाल आपल्या तळ्यात पाईप टाकून पाणी खेचतो. बिबड्यांचा राग असणार.
चुडामणला सगळा पुरावा दाखवला. तो म्हणाला, झुलाल असं नाई करनार. म्हटलं, डोळ्यांनी बघ. त्याने ओली माती हातात घेतली. खूप वेळ तशीच धरून बसला.

२० एप्रिल
ओट्यावर भांडण झालं. चुडामणचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. झुलाल फक्त इतकंच म्हणाला, चुडामण, तू मले चोर म्हनतो? आणि चहा अर्धा टाकून उठला.
जरा वाईट वाटलं. पण प्रशासनात भावना चालत नाहीत.

२१ एप्रिल
तीस पौंडी दोरी आली. सहावा मासा. दोरी टिकली, गळ सरळ झाला आणि मासा सुटला. मग दुसरं आमिष लावून लगेच सातवा. तोही गेला, आमिष घेऊन.

३ मे
पुना मासे बघायला आला. माझ्या हातातला रबरी बेडूक बघून विचारलं, नाना, हा बेडूक कोनासाठी? म्हटलं, तुझ्या गवत्यासाठी. तो म्हणाला, नाना, तो गवत खातो. म्हटलं, बाबा रे, आतापर्यंत सात लागलेत. तो म्हणाला, दाखवा. म्हटलं, सगळे निसटले.
पुना चहा पिऊन गेला. जुन्या पद्धतीच्या लोकांना नवं टेक्निक पचत नाही. पण जाताना तळ्याकडे दोनदा वळून का बघितलं, ते कळलं नाही.

९ मे
पारा पंचेचाळीस. पंधरा गाठी बाहेर. चोरी थांबली तरी पाणी उतरतंच आहे.
चुडामणने खालच्या निम्म्या बागेचं पाणी बंद केलं. तेराशे-चौदाशे झाडं सोडून दिली. घड अर्धे भरलेले, काही झाडं कमरेतून मोडली. तो त्या ओळींमधून चालत होता आणि मोडलेल्या खोडाला हात लावत होता. जेवायला बसला नाही. कोकिळा चुलीजवळ रडत होती. मला काही सुचेना म्हणून मी तळ्यावर गेलो. रॉड नेला होता. आठवा लागला. नेहमीसारखाच, जागचा न हलणारा. या वेळी मी ओढलं तेव्हा पाण्यावर बुडबुडे आले.
हवेचे असतील.

१३ मे, संध्याकाळ
सगळं नीट लिहायचं ठरवलं आहे.
सकाळी चुडामण म्हणाला, पानी इतकं खाली गेलंच आहे तर उतरून तळ बघतो. त्याने पुनाला बोलावून घेतलं. गाठींची दोरी धरून दोघं खाली गेले. मी काठावर.
तळाशी गुडघाभर पाणी. त्यात गवत्याची पिल्लं पळत होती, वीतभर, एकही त्याहून मोठं नाही. आणि पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या काळ्या कागदावर, उतारावर, कोपऱ्यात, माझी आमिषं. लाल तोंडाचा प्लास्टिकचा मासा. पिवळ्या पोटाचा. हिरवा बेडूक. प्रत्येकाचे गळ कागदात रुतलेले आणि प्रत्येकामागे कागद फाटलेला, हातभर, दीड हात. जिथे जास्त झुंज दिली तिथे जास्त. एका फाटीत आमिष नव्हतं. ती गळ सरळ झालेल्याची.
पुनाने मोजलं. आठ.
चुडामणने फाटीत हात घातला. पार खांद्यापर्यंत गेला. खालची माती चिखल झालेली. तो चिखल झुलालच्या बांधाकडे उतरत गेला होता.
त्याने वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, भाऊ, मी झुलालले चोर म्हनलो.
रॉड तिथेच ठेवून घरी आलो. कामिनीने ताट वाढलं. न विचारता दुसरी भाकरी वाढली, तेव्हा कळलं की तिलाही समजलंय. लाज वाटली. इतकी लाज मला सस्पेंड झालो असतो तरी वाटली नसती.

१४ मे
पहाटे झुलालच्या ओट्यावर गेलो. चुडामण आधीच तिथे खाली मान घालून बसलेला. रस्ताभर मी भाषण तयार केलं होतं: अनवधानाने, तांत्रिक कारणाने वगैरे. तोंड उघडलं आणि निघालं एवढंच, झुलाल, मी गाढव आहे.
वच्छलाबाई आतून म्हणाली, ते बिबड्याच्या दिवशीच समजलं होतं.
 झुलाल उठला, चपला घातल्या आणि शेताकडे चालू लागला. आम्ही मागे. त्याने विहिरीवरची मोटर सुरू केली, पाईप खांद्यावर घेतला आणि आमच्या बांधावरून खालच्या बागेत ओढत नेला. म्हणाला, महिनाभर विहीर वर येऊन रायली, मले वाटलं देव पावला. घ्या, तुमचंच पानी हाय.
चुडामणने डोळे पुसले. झुलालने बघितलं नाही असं दाखवलं.
मोडलेली झाडं गेलीच. सहाशे तरी गेली. बाकीची तगतील असं दोघं म्हणतात.
पाण्याला जोर फार होता. पाईप मी धरला, कारण तेवढंच काम उरलं होतं. पाणी पहिल्या खोडाशी पोचलं तेव्हा चुडामण कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला.
म्हणाला, भाऊ, पाईप घट्ट धरा. तुमच्या हातून मोठे मासे निसटता.