आखणीचा श्वास

आई, मी पुन्हा व्हायोलिन वाजवायला लागलेय. हौस म्हणून नाही, सक्तीनं. तुझ्या नातीला रोह्याच्या त्याच क्लासमध्ये घातलंय आणि नियमही अजून तोच आहे. आधी आईनं शिकायचं, घरी रोज वाजवायचं, पोरीनं नुसतं ऐकायचं. ऐकून ऐकून एक दिवस तिनंच हट्ट करून वाद्य मागायला हवं. आम्ही आता रोह्याला लागूनच, वरशाला राहतो, त्यामुळे तुझ्यासारखी पेणहून गाडी पकडायची धावपळ नाही. तरी उशीर होतोच, ते तुझ्याकडून आलंय.

तुझा पहिला रविवार आठवतो. तुझ्या नखांत गणपतीच्या कारखान्यातला सोनेरी रंग अडकलेला. क्लासच्या तेव्हाच्या बाई कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायली घरातल्या, आयुष्य इस्रायलला काढून म्हातारपणी रोह्याला परतलेल्या. बोलायच्या मात्र आपल्यासारखंच. "आधी तू शिक," म्हणाल्या, तशी तू पदर तोंडाला लावून हसलीस. "नाय वो बाई, मी गणपती रंगवणारी. मला हे कसं जमायचं?"

"जमतंय गो. पोर बोलायला कोणाचं ऐकून शिकली? वाजवायलापण तशीच शिकेल."

मला मिळाला मिठाईचा रिकामा खोका आणि त्यावर चिकटवलेली फूटपट्टी. तो खोका हनुवटीखाली धरून मी उभी, आणि माझ्या मापाचं खरं एवढंसं व्हायोलिन तुझ्या गळ्याशी! असा राग आला होता म्हणून सांगू.

संध्याकाळी तू कारखान्यातून येतेस, भात लावतेस, हात पुसतेस आणि ओट्याला टेकून बाईंनी शिकवलेलं पहिलं गाणं वाजवायला लागतेस. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आलीस की गज तारेवरून उचलतेस, श्वास रोखतेस, आणि मग अलगद टेकवतेस. डोळ्यांची आखणी करताना तू तेच करायचीस. मूर्तीच्या डोळ्यापाशी कुंचला नेलास की तुझा श्वास थांबायचा आणि आजूबाजूच्या बायकाही बोलायच्या थांबायच्या. डोळा चुकला तर मूर्ती गेली. सूर चुकला तर काही जात नाही, हे तुझ्या हाताला कोण सांगणार?

मला वाटलं, गाणंच तसं आहे. पुढे ते खरं व्हायोलिन मला मिळालं, तुला बाईंनी क्लासमधलं एक दिलं आणि सगळी मुलं आयांसकट एकत्र वाजवायला उभी राहिली. तिसऱ्या ओळीला सगळे पुढे गेले, आपण दोघी मायलेकी मागे श्वास रोखून उभ्या! बाई कपाळाला हात लावून हसल्या. परतीच्या गाडीत नागोठणं गेलं तरी आपलं हसू थांबेना.

बाईंनी माझा तो थांबा हळूहळू काढला. तुझा काढायची वेळच आली नाही. मला वाजवता यायला लागलं तशी तू थांबलीस. मी म्हटलं, "आई, तूपण वाजव ना." तर म्हणालीस, "तुला येतंय ना आता? मग झालं. भात बघते." त्यानंतर तू परत कधी ते गळ्याशी धरलं नाहीस. तेव्हा घरात मोबाइल नव्हता, त्यामुळे तुझं वाजवणं कुठेच साठवलेलं नाही. तुझा फोटो आहे, साड्या आहेत, पण आई, मला तुझं ते वाजवणं ऐकायचंय. फार ऐकावंसं वाटतं गं.

क्लासमध्ये मी सरळ वाजवते. घरी मात्र पहिल्याच संध्याकाळी, कुकर लावलेला असताना, तिसऱ्या ओळीपाशी माझा गज आपोआप उचलला गेला. तेवढ्या क्षणापुरती तू स्वयंपाकघरात होतीस. तेव्हापासून मी रोज तिथे थांबते. मुद्दाम.

तुझ्या नातीनं खोका टाकून आता व्हायोलिन घेतलंय. काल तिनं ते गाणं पहिल्यांदा वाजवलं. तिसरी ओळ आली, तिनं गज उचलला, गाल फुगवून श्वास रोखला आणि अलगद टेकवला. माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. रविवारी नव्या बाई तो थांबा काढायला लागतील, आणि काढायलाच हवा, तिला सगळ्यांबरोबर वाजवायचंय. तो गेला की तुझं वाजवणं या घरातून पुन्हा जाईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. एवढंच सांगायचं होतं. वाजवून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, बरोबर आलं?" आणि मी तिला म्हटलं, "अगदी बरोबर. परत वाजव."