शेवटचं गाणं सोडून

कॅम्प, अमरावती
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हुसेन,

सलाम. अफसानाला आणि लेकी-सुनांना आशीर्वाद. पत्रात 'इकडे सर्व खुशाल' लिहायची आपल्याकडची रीत. पण तुला लिहिताना तो शब्द माझ्या भावाचं नाव होऊन बसतो, म्हणून नुसतं 'ठीक' लिहिते. गुडघे सोडून ठीक. पेन्शन वेळेवर येते, शेजारी वेळेवर भांडतात.

फोन तू उचलत नाहीस. अफसाना उचलते आणि म्हणते, "दीदी, ते नमाजले गेले." हुसेन, सकाळी अकरा वाजता कोणती नमाज असते रे? म्हणून हे पत्र. जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलं, पण ज्याला झापायचं त्याला मराठीतच झापावं लागतं.

आचलने तुझा निरोप कळवला. पुण्याची ही मुलगी तुमच्या 'कावून' बँडची पहिली आणि एकुलती एक कॅसेट पुन्हा काढायला निघाली आहे. तिच्या जन्माआधीची कॅसेट, रद्दीवाल्याकडे मिळाली म्हणे तिला. अमोलने हैदराबादहून होकार दिला. खुशालच्या वतीने मी दिला. आणि तू काय कळवलंस? "शेवटचं गाणं सोडून काढा."

शेवटचं गाणं सोडून! आठ गाण्यांची कॅसेट आहे ती, मेथीची जुडी नाही, नको ती काडी काढून टाकायला.

आचलने टेप स्वच्छ करून सगळी गाणी माझ्या फोनवर पाठवली आहेत. गेला आठवडा तेच चाललं आहे. आता मास्तरणीचा निकाल ऐक. 'कावून' हे बँडच्याच नावाचं गाणं मला तेव्हा नुसता 'का? का?' असा आरडाओरडा वाटलं होतं. आजही आरडाओरडाच आहे, पण त्यात जीव आहे, आणि शेवटी गिटार एकटी उरते तिथे मी हातातलं काम ठेवते. 'बडनेरा'मध्ये अमोल चुकतो आणि तू त्याला सांभाळून घेतोस, हे मला आत्ता कळलं. 'ऊन' फार लांबलं आहे. आपल्याकडचं ऊनही लांबतंच, म्हणून माफ.

आणि तुझे ड्रम. अब्बांच्या गाद्यांच्या दुकानात, भिंतींना गाद्या टेकवून तुम्ही रेकॉर्डिंग केलंत. पुण्याच्या कुठल्याशा पेपरात छापून आलं होतं, ड्रमवाला गादी बडवतोय असं वाटतं म्हणून. खुशाल तुला म्हणाला होता, "बराबर लिवलं बे. पिंजाऱ्याचा पोरगा गादीच बडवन, अजून काय बडवन?" तुम्ही दोघं पोट धरून हसलात. मला आता नीट ऐकू येतं. ते अब्बांचं पिंजण आहे, कापूस पिंजताना धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर पडणारा तो ठोका. इतका मऊ आणि इतका रागावलेला ड्रम मी दुसरीकडे ऐकलेला नाही. आणि होस्टेलच्या रेडिओच्या कृपेने मी पुष्कळ इंग्रजी बँड ऐकले आहेत.

लोकांनी ते विनोदी गाणी म्हणून ऐकलं. कारण काय, तर त्यात 'मले' आणि 'तुले' होतं. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या तोंडून 'मले' गेलं की सिस्टर मला बाकावर उभं करायच्या. मी मुकाट्याने 'मला' शिकले. खुशाल शिकला नाही. त्याने गिटारवर 'मले' गायलं, तर अख्ख्या महाराष्ट्राने हसून त्याला बाकावर उभं केलं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

आचल हसत नाही, हे तिचं मोठेपण. पण पुण्याची ती पुण्याचीच. सोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या गाण्याबद्दल तिने लिहिलं, "येऊन राहिलो: गावी परत येऊन स्थिरावलेल्या माणसाचं समाधान." मी लगेच फोन लावला.

"अगं बाई, येऊन राहिलो म्हणजे येऊन स्थायिक झालो नव्हे. येतो आहे. वाटेत आहे."

"अय्या, हो का मॅडम? बरं झालं सांगितलंत. मग तो पोचतो का शेवटी?"

गाण्यातल्या माणसाबद्दल विचारत होती बिचारी. तिला काय माहीत? मी "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

तुला ते गाणं का नको, हे मला कळतं. कॅसेट निघून वर्षही झालं नव्हतं, दुसरीची तयारी चालली होती. त्या दुपारी खुशालने अमरावतीहून फोनवर तुला अकोल्याला तेच दोन शब्द म्हटले, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे जीप उलटली. तू आमच्या दारात येऊन मला एवढंच म्हणालास, "ताई, मीच बलावलं होतं त्याले. म्हटलं, आज नाही आला तर कधीच येऊ नको." पुढे मी दोनदा अकोल्याला आले. दोन्ही वेळा तू दुकानाच्या मागच्या दाराने निघून गेलास. ड्रम कुणाला तरी देऊन टाकलेस. म्हणून जे तेव्हा तोंडावर सांगायचं होतं, ते ह्या वयात कागदावर उतरवावं लागतंय. ह्याचाही मला राग आहे.

त्या दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत वह्या तपासत बसले होते. तू इतका ओरडत होतास की मलाही ऐकू येत होतं. त्याने फोन ठेवला आणि हसायला लागला.

मी विचारलं, "कोण खेकसतंय एवढं?"

"हुसेन. लयच तापून राहिला."

"मग हसतोस काय?"

"तो उगाच नाही तापत ताई. नव्या गाण्याचा ठेका जमला त्याले. मले ऐकवल्याबिगर दम निघून नाही राहिला त्याचा."

गिटार पाठीला लावली आणि जिना उतरताना कठड्यावर बोटं वाजवत गेला. तुझ्या धाकाने नाही गेला, हुसेन. हौसेने गेला. जमला होता ना रे ठेका?

आता तुझ्या अटीचं. आचलला मी अजून काही कळवलेलं नाही. वर मी मोठ्या तोऱ्यात निकाल दिला, पण तो सात गाण्यांचा आहे. आठवं माझ्या फोनवर तसंच पडून आहे. सातवं संपत आलं की मी उठते आणि झाडांना पाणी घालायला जाते. झाडं सडायला आली. तेव्हा तुझ्यावर ओरडायचा मला काही हक्क नाही. सवय तेवढी आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते. तुझ्या दुकानात बसून ऐकू. ऐकल्यावर तू नाही म्हणालास तर ते गाणं कॅसेटवर जाणार नाही, आणि मी एका शब्दाने भांडणार नाही. हे लिहून देते आहे. पण ऐकल्याशिवाय नाही म्हणू नकोस, आणि मी येईन तेव्हा जागेवर थांब. मला ते एकटीला ऐकवत नाही.

त्याची होते, तशीच तुझी,
साधनाताई