निळ्या रंगाखालचा सांधा

१३ जुलै, शुक्रवार. आषाढ पौर्णिमा

वर्षावास बसला. 'वर्षा' नुसती नावात. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं. विहारात वंदना, मग वाचन. ऐकलं म्हणून धरू नका, पाहून धरा, असं काहीसं. उपवासाने डोकं हलकं झालेलं, अर्धं कानात, अर्धं वाऱ्यावर.

घरी आले तर कुंदा दारातच उभी. कॉलेजात पी.टी. सरांनी सांगितलं म्हणे, आपला जिल्हा आता नवा, लातूर. सायकल शर्यतीला लातूरचा स्वतःचा संघ जाणार. आजवर उस्मानाबादची पोरं जायची. मुलींच्या संघात अजून कुणीच नाही. निवड सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, लातूरच्या मैदानावर.

"एकबी नाव न्हाई आई त्या कागदावर. मव्हं पहिलं राहील."

साधी सायकल चालत नाही. फिक्स चाकाची लागते. ती बोलत होती आणि मी तिच्या डोक्यावरून चंद्र पाहत होते. चाकच. आऱ्या तेवढ्या नाहीत.

१५ जुलै, रविवार

टँकर दुपारी आला. रांगेत शेजारची गयाबाई मोठ्यानं म्हणाली, "पोरीला शर्यतीची सायकल घिऊन राहिलीस म्हनं? बरं हाय. मागं हंडा बांध, पानी तरी यील." सगळ्या हसल्या. मीही हसले. हंडा खरंच बसेल का, हेही मनात येऊन गेलं.

कुं.ने अंगणात काडीने काढून दाखवलं. या सायकलीचं चाक फिरतं तोवर पायडल फिरतं. उतारावर पाय सोडून मोकळं बसायची सोय नाही. ब्रेक नाही. थांबायचं तर पायांनीच चाक हळूहळू आवरायचं.

"आन दमल्यावर?"

"दमायचंच न्हाई."

संध्याकाळी भाकरी थापताना तेच. हात थांबला तरी तवा कुठं थांबतो. अशा सायकलीवर मी किती वर्षं बसलेय कोण जाणे, आणि कधी पडले नाही.

१९ जुलै, गुरुवार

हे नांदेड गाडीची ड्यूटी करून आले. कंडक्टरची पेटी खुंटीला, पाय धुवायला तांब्याभरच पाणी. सायकलीचं काढलं. पैसे आहेत ते हौदाचे, परसात सिमेंटचा हौद बांधायचा म्हणून मी बाजूला टाकलेले. पुन्हा एवढे जमायला किती दिवस लागतील ते मलाच ठाऊक.

हे म्हणाले, "हौद बांधून त्यात ठिवतीस काय? आभाळ?"

हिशोबाच्या वहीत 'हौद' खोडवेना. त्याच्यापुढे लिहिलं, 'सध्या सायकल'.

२२ जुलै, रविवार. नांदेड

ह्यांच्याच गाडीने गेलो. पूल ओलांडताना गोदावरी पाहिली. पाणी कमी, वाळू जास्त. वाळूवर कुणाचं तरी धुणं वाळत घातलेलं, पांढऱ्या बगळ्यांची रांग वाटली.

पहिल्या दुकानात लाल, चकचकीत रेसची सायकल टांगलेली. विचारलं तर मालक म्हणाला, "एकदम फिक्स हाय बाई." मला वाटलं भाव फिक्स, घासाघीस नाही. मग कशाला थांबायचं, मी पायरी उतरले. कुं. रस्त्यात पोट धरून हसली. "आई, चाक फिक्स, चाक! तुला भाव तेवढा ऐकू येतो."

नंतर गफूरभाईंकडे. ह्यांच्या ओळखीचे. जत्रेत चौकात दिवसरात्र सायकलवरून न उतरता फिरणारे खेळवाले असतात ना, त्यांच्या फिक्स सायकली हेच बांधतात. फ्रेमसुद्धा, नळ्या कापून, पितळ वितळवून सांधे जोडून. भिंतीला सांगाडे टांगलेले, चाकांशिवाय. हरणं उभ्याउभ्या झोपली आहेत असं वाटत होतं.

एकीवर सवयीने बोटाचं पेर वाजवलं, माठ घेताना वाजवते तसं. टण्ण. गोड आवाज. म्हटलं, हीच द्या.

गफूरभाई हसले. "भाभी, मटका नै ये. टेढी फ्रेम बी अच्छीच बजती." मग दोरा घेतला. मागच्या चाकाच्या खाचेत एक टोक, तिथून पुढच्या नळीला वळसा, परत दुसऱ्या बाजूच्या खाचेत. दोरा ताणून धरला. मधली उभी नळी दोन्हीकडच्या दोऱ्यापासून सारखीच लांब पाहिजे. "एक तरफ जादा, तो गाडी जिंदगीभर एक तरफ खेंचती."

लाल सायकलीचं विचारलं. म्हणाले, "रंग के नीचे क्या है, रंग लगानेवालाच जानता." आवडलं म्हणून लिहून ठेवते.

कुं.चं माप शिंप्यासारखं घेतलं. पायाचं, हाताचं, पाठीचं. भाव ऐकून मी माझं सुरू केलं. ते शांतपणे, "कम करतूं ना. नळी बी कमी करतूं. बोलो कौनसी काटूं?" मी इसाराचे पैसे मोजून दिले.

१ ऑगस्ट, बुधवार

स्वप्न. गोदावरी काठोकाठ, आणि पाण्यावरून कुं. सायकल चालवतेय. पाणी भिजवत नाही, नुसतं वाजतं, टण्ण टण्ण. मी काठावर घागर घेऊन. भरायचं विसरले.

जाग आली तर टँकरचा भोंगा.

११ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा

आली! बसच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून. ह्यांनी निरोपही आणला, गफूरभाई म्हणालेत, 'खुल्ली रख्खो.' गोणपाट लगेच काढलं.

नुसती फ्रेम, उघडं लोखंड, राखाडी. आणि प्रत्येक सांध्याला पितळेची बारीक पिवळी रेघ, जणू कुणी जरीच्या दोऱ्याने टाके घातलेत. उचलली. ओंजळीत पाखरू घ्यावं तेवढंच ओझं वाटलं.

दोरा लावून पाहायचा होता. घरात लांब, न तुटलेला एकच, गेल्या परित्राणपाठाचा पांढरा. पाठ चालू असताना सगळे हातात धरून बसले होते तो. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्याचंही काम रक्षणाचंच. दोऱ्याच्या अन् नळीच्या मधे ज्वारीचा दाणा धरून पाहिला. डावीकडे जेवढं अंतर भरलं तेवढंच उजवीकडे. पुन्हा पाहिलं. तेवढंच.

वाजवलंही. गफूरभाई काही म्हणोत.

१४ ऑगस्ट, मंगळवार

उघडं लोखंड पाहवेना. गंजेल. जयंतीला कमान रंगवून उरलेला डबा माळ्यावर होताच. आपल्या घरात दुसरा कुठला उरणार, निळाच. दोन हात दिले, सांध्याच्या कोपऱ्यात कापसाने. अंगणात वाळत ठेवली. आभाळाचा एक तुकडा खाली आलाय असं वाटलं.

गयाबाई कुंपणावरून, "अगं बया, नवरीवानी दिसून राहिली की!"

२० ऑगस्ट, सोमवार

हँडल, चाकं बसवून घेतली. गावाबाहेरचं तळं आटलंय. मधे भेगा, पण कडेचा मुरूम घट्ट, गोल, मोठा. कुं. तिथंच फिरते. कालपर्यंत जिथं म्हशी डुंबायच्या तिथं माझी पोर. मी काठावर बसते, जिथं आम्ही गोधड्या धुवायचो त्या दगडावर. निळी रेघ लांब जाते, बारीक होते, मग परत मोठी होत येते. डोळे आपोआप मिटतात. चाकाचा आवाज तेवढा राहतो.

आज ढग आले होते. सगळं गाव वर बघत होतं. मीही. आणि मनात काय आलं, तर एवढा पंधरवडा नको. तळं भरलं तर ती फिरणार कुठं?

वंदनेला बसले तेव्हा मैत्रीभावना जमेना. सगळे सुखी होवोत म्हणायचं, आणि पाऊस नको म्हणायचं. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं.

२ सप्टेंबर, रविवार. लातूर

निवड. मैदानावर बाकीच्या जिल्हाभरच्या पोरी, तीनच. सायकली कंपनीच्या.

तपासणीला एक वयस्कर गृहस्थ होते. फ्रेम उचलून पाहिली, दोन्हीकडून पाहिली. आवडलेली दिसली. "कंपनी कुठली?"

"गफूरभाई, नांदेड," कुं. म्हणाली.

"नाव नाही तर सांधे पाहावे लागतील. हे तर रंगात बुडवलेत."

मी म्हटलं, मीच रंगवली, गंजू नये म्हणून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हिला ब्रेक नाही. जोरात असताना सांधा सुटला तर पोरीचं तोंड जमिनीवर. कंपनीच्या सायकलीला कंपनी आहे. हिच्यासाठी मला माझेच डोळे. पोर नेटकी बसते, ते दिसतंय. पुढच्या रविवारी रंग काढून आणा. सांधे चांगले असले तर तिला पळवून पाहतो. नसले तर नाव दुसरीचं."

परतीची गाडी. खिडकीतून वाळलेली तूर मागे जात होती.

४ सप्टेंबर, मंगळवार

हे गफूरभाईंना भेटून आले. 'खुल्ली' म्हणजे रंग न लावता, सांधे दिसते ठेवा, वरून नुसता तेलाचा हात. मी खुली ठेवली. अंगणात. रंगवून.

मागचं पान उलटून पाहिलं. रंग के नीचे क्या है. माझंच अक्षर.

कुं.ला सांगितलं. ती रुसलेली होती, तरी हसलीच. "भाव ऐकू येतो, बाकी न्हाई." मग पॉलिश कागद घेऊन शेजारी बसली.

६ सप्टेंबर, गुरुवार

तिघं घासतोय. निळी भुकटी पदरावर, भुवयांवर, पोळपाटावर. पाण्याशिवाय धुवावं कसं. ह्यांच्या मिशा निळ्या. पोरगी म्हणाली, "बाबा, असेच जा ड्यूटीला." गेलेही असते.

पिवळ्या रेघा एकेक वर येतायत. पहाट होताना भिंती दिसू लागतात तशा.

पायडलच्या वरच्या सांध्याला, पितळेच्या कडेला, काळी केसाएवढी रेघ. नखाने चाचपली. अडलं. पुन्हा, नाही अडलं. पुन्हा, अडल्यासारखं. हे म्हणाले, "तुव्हं नखच भेगाळलंय." तेही खरं. कुं.चं नख लावलं. ती म्हणाली नाही अडत. तिला नाहीच अडणार.

७ सप्टेंबर, शुक्रवार. नांदेड

मीच फ्रेम घेऊन गेले. गफूरभाईंनी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. माझा चेहरा बघून म्हणाले, "आप कायकू रोतें? रंग ने मेरे कू बी अंधा किया." रेघ कागदाच्या ओरखड्याचीही असेल, म्हणाले. चीरही असेल. डोळ्याला कळत नाही.

उपाय सांगितला. सांध्याला रॉकेल चोपडायचं, मुरू द्यायचं, फडक्याने कोरडं पुसायचं. मग वरून खडूची भुकटी. चीर असेल तर आत लपलेलं रॉकेल हळूहळू वर येतं, खडूवर ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो. तीन-एक तास द्या.

"निकली तो?"

"तो भाभी, उस पे बच्ची कू नक्को बिठाव. वापस लाव, मैं फिर से जोडतूं. पन इतवार तक नै होता." मग फ्रेम माझ्या हातात देत, "मेरी बी पयली फ्रेम है, जो लडकी के वास्ते बनायी."

८ सप्टेंबर, शनिवार

गफूरभाईंनी सांगितलं तसं रॉकेल संध्याकाळीच चोपडून ठेवलं. घरभर वास. कुं. म्हणाली, "आई, रेघ आली अन् आपण न सांगता तसंच नेलं तर? बारीकच तर राहील."

मी भाकरी वाढली. जेवताना तीच म्हणाली, "न्हाई. मव्हंच तोंड हाय ते."

९ सप्टेंबर, रविवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

पहाटे वंदना केली. सांधा पुसून कोरडा केला. पण खडू लावायला हात उचलेना. मग सुचलं, इथं घरात कशाला? मी पाहीन, मला हवं ते दिसेल. कुं. पाहील, तिला हवं ते. लातूरच्या मैदानावर पोचायला तीन-एक तास लागतातच. निघताना लावू, आणि तिथं त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत उघडू. काय असेल ते सगळ्यांना एकदमच दिसेल. गफूरभाईंचा 'खुल्ली' शब्द आता बरोबर कळला.

ह्यांनी ड्यूटी बदलून हीच गाडी घेतली. सगळ्यांना तिकिटं दिली, आम्हालाही फाडून दिली. फ्रेम टपावर नाही, माझ्या मांडीवर. चाकं मागच्या सीटवर. खडू स्टँडवरच लावला. गयाबाई भावाकडे निघालेली, पुढच्याच बाकावर. वळून म्हणाली, "काय लेकरू घिऊन बसलीस गं. दृष्ट लागू नये म्हणून पावडर लावलीस का?"

"हाव," म्हटलं.

तळ्यावरून गाडी गेली. पूर्वेला ढग, जाड, खाली उतरलेले. यावेळी मनातल्या मनात म्हटलं, ये. आज ये, उद्या ये, कधीही ये. तळं भरू दे. चाकाला दुसरी जागा मिळेल.

कुं. खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपेतही तिचे पाय किंचित हलतायत, एक खाली, एक वर.

आता जागी झाली. "पाहिलंस का?"

"न्हाई."

"मी पाहू?"

"गाव येऊ दे."

धूळ बसू नये म्हणून डावा हात सांध्याभोवती धरलाय, टेकवलेला नाही, वाऱ्यात दिव्याला आडोसा करतात तसा. खडू कोरडा आहे की ओला, ते त्या हाताच्या आत आहे. हे दारात उभे राहून ओरडतायत, लातूर, चला लातूर