बाबांच्या गाडीतला टेप

४ मार्च, मंगळवार

खाल्ली! मेल्या टेपनं शेवटची कॅसेटही खाल्ली. ओढून काढली तर फीत सगळी रोलरला गुंडाळलेली. चष्म्याच्या दुकानातला माझा बारका पेचकस घालून काढत बसले, तरी तुटलीच. बाबा शेजारच्या सीटवरून बघत होते. म्हणाले, "तेच."

अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. पाणी हवं — तेच. दुखतंय — तेच. माझ्यावर चिडले तरी तेच! कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत.

थेरपिस्ट बाई म्हणतात, बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं. आधी गाणं येऊ द्यायचं, मग त्याच चालीवर रोजची वाक्यं घालायची. पण घरात गाणं लावलं की बाबा भिंतीकडे बघत बसतात. गाडीत लावलं तर बोटं हलतात. हलणारच! आयुष्यभर हीच टॅक्सी चालवली, आणि टेपबरोबर गातच चालवली. गिऱ्हाइकं वैतागायची, हे थांबायचे नाहीत.

आता कॅसेटच संपल्या.

६ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. त्यानं पाहून ठेवलेल्या जागी एक खाट रिकामी होतेय. तेवीसला येतो म्हणाला, ठरवूनच टाकू. "वृद्धाश्रम नाही गं, केअर सेंटर आहे." नाव बदललं की झालं!

"बाबांना विचारलंस?"

"विचारून काय? ते 'तेच' म्हणणार."

चेष्टा करत नव्हता. तरी डोक्यात तिडीक गेली. खूप भांडलो. शेवटी म्हणाला, "त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगू दे, मला घरी राहायचंय. परत विषय काढणार नाही. शप्पथ."

ठीक आहे. तोंडानंच सांगतील.

८ मार्च, शनिवार

दादानं त्याचा जुना एमपीथ्री प्लेअर पाठवलाय, बाबांची गाणी भरून. ह्याला धड शिव्याही घालता येत नाहीत!

प्लेअर आगपेटीएवढा, टेप बाबा आदमच्या काळातला. वायर खुपसायला भोकच नाही. बाजारात कॅसेटच्या आकाराची एक वस्तू मिळते, तिला शेपटीसारखी वायर. ती आत सरकवायची, शेपटी प्लेअरला लावायची. लावली. दोन ओळी वाजल्या आणि टेपनं खटकन बाहेर फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. मी डॅशबोर्डवर हात आपटला, नको ते बोलले. बाबा दचकले. मग डाव्या हातानं — तोच चालतो — माझा हात धरून ठेवला.

१० मार्च, सोमवार

आज एफएमचं यंत्र आणलं. लायटरच्या जागी खुपसायचं, की प्लेअरमधलं गाणं रेडिओवर येतं. येतं म्हणजे, कुठल्यातरी स्टेशनशी भांडत येतं! अर्धं गाणं, अर्धी गादीची जाहिरात. मी बटणं फिरवतेय तोवर शेजारून आवाज. बाबा गात होते. गादीची जाहिरात! शब्दन्‌शब्द स्वच्छ!

हसले, हसता हसता रडू फुटलं. तेही हसले, अर्ध्या तोंडानं.

पण चौक ओलांडला की गाणं जातं, नुसती खरखर उरते. बाबा घाबरून काच बडवायला लागतात. हे कामाचं नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळी बाथरूममध्ये त्यांना उचलताना कंबर गेली. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो, शेजारीण येईपर्यंत. बाबा भिंतीला डोकं टेकून तेच तेच तेच करत होते. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

मालकांचा फोन. चष्मे साठलेत, उद्या तरी येताय का? नाही. रात्रभर बाबांची कूस बदलायची आणि दिवसा बारके स्क्रू बसवायचे, डोळेच उघडत नाहीत. मला कुणीतरी नुसतं झोपू दिलं पाहिजे. हे इथेच लिहिते, बोलायची सोय नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कंबरेला पट्टा बांधून गाडीच्या वायरिंगवाल्याकडे गेले. त्यानं टेप उपसून मागून-पुढून पाहिला. "नवीन बसवा, ताई. ह्यात राम नाही."

नवीन नको. बाबांचा हात ह्याच बटणांवर जातो.

वैतागला, पण फीत खाणारा रोलर बदलला आणि टेपच्या पोटातच वायर डाखून दिली. अट एकच — आत एक कोरी कॅसेट फिरती ठेवायची. ती फिरली की टेपला वाटतं, कॅसेटच वाजतेय.

आणि वाजलं! खरखर नाही, जाहिरात नाही, अख्खं गाणं. बाबांनी मान मागे टाकली आणि दुसऱ्या कडव्याला आवाज मिसळला. वायरिंगवाला पेचकस हातात धरून उभाच राहिला. माझ्या जिवात जीव आला.

१७ मार्च, सोमवार

शिकवणी सुरू. गाडी दारातच उभी. गाण्याची पहिली ओळ वाजवायची, प्लेअर थांबवायचा, त्यांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर ठेका धरायचा आणि त्याच चालीवर म्हणायचं — "पाणी दे ना." गायले! मग "भूक नाही." तेही गायले!

मग मी हळूच माझं घातलं. "मी घरी राहतो."

माझ्याकडे बघत राहिले. गायले नाहीत. दमले असतील.

२० मार्च, गुरुवार

"मी घरी राहतो." गायले! पुन्हा पुन्हा गायले!

२२ मार्च, शनिवार

मालकांना सांगून टाकलं, एप्रिलपासून अर्धा दिवस येईन, बाबांपाशी दुपारची बाई ठेवते. परवडेल कसं ते नंतर बघू.

थेरपिस्ट बाईंना ऐकवलं. खूश झाल्या, पण म्हणाल्या, "हे तुमचं वाक्य आहे. आता त्यांचं त्यांना सुचू द्या. मध्ये बोलू नका."

सुचू दे की. उद्याचा दिवस पार पडला की काय हवं ते सुचू दे.

२३ मार्च, रविवार

दादा मागच्या सीटवर बसला. पहिली ओळ वाजली. मी प्लेअर थांबवला, बाबांचा हात हातात घेतला. दादानं विचारलं, "बाबा, कुठे राहायचंय तुम्हाला?"

बाबांनी हात सोडवून घेतला. स्वतःच मांडीवर ठेका धरला. आणि त्याच चालीवर, कुठेही न अडखळता —

"मला तिकडे ठेव. हिला झोपू दे."