शनिवारच्या भांड्याची चव

प्रिय ओडेट,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून कुणी मेलं असेल असं समजू नकोस. सगळे जिवंत आहेत, नको तेसुद्धा. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी बहिणी तिसऱ्या वाक्याला भांडतो. म्हणून कागद. शेजारची बर्निस मंगळवारी तुझ्याकडे त्रिनिदादला येतेय, तिच्या हाती देतेय. अक्षराला नावं ठेवू नकोस, मी शाळेत किती गेले ते तुला माहीत आहे.

मी थकलेय. येत्या शनिवारी भांडं चुलीवर चढवायचं की खानावळीच्या दाराला फळ्या ठोकायच्या, तेच ठरत नाहीये. हॉटेलची गाडी येते अजून, वीस-बावीस पाहुणे घेऊन. सगळ्यांना ग्रेनेडाचं खरं जेवण हवं, म्हणजे ऑइल डाउन, आणि सगळ्यांना ते ढवळायचं असतं. मागे एक बाई उलथनं घेऊनच उठली. म्हणे, खाली लागेल. मी म्हटलं, बाई, खाली नीरफणस आणि मांस, वर अळू, त्यावर पिठाचे गोळे, असे थर लावलेत. नारळाचं दूध आटून तेल सुटेपर्यंत त्याला मीसुद्धा हात लावत नाही. ती हसली आणि माझा फोटो काढला. आता उकडलेलं फडकं वाढलं तरी छान म्हणतील ही माणसं.

एकदा थर लागले की मीठ सुधारता येत नाही, हे तुला काय सांगायचं. जे काय ते आधी, डुकराची खारवलेली शेपटी भिजवून तिचा तुकडा चाखताना. गाडी पहिल्यांदा आली त्या शनिवारी पाहुण्यांच्या तोंडाला मीठ बेतानं लागावं म्हणून मी शेपटीचं पाणी चारदा बदललं. तू तुकडा चाखलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, ताई, हे पाहुण्यांना वाढतेस की दवाखान्यातल्या रोग्यांना? मी तुझ्या हातातला चमचा हिसकावला. म्हटलं, माझ्या भांड्यात परत चमचा घालायचा नाही. आठवड्यात तू बेट सोडलंस. पाहुण्यांनी बोटं चाटली, म्हणून मला वाटलं, माझंच बरोबर.

फॉस्टिन म्हातारा आत्ताआत्तापर्यंत होडीतले मासे उतरवून थेट मागच्या बाकावर येऊन बसायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाला, क्लॅरिस, समुद्र वाढलास का गं? मी आत्ताच तिथून आलोय. मी काय ऐकून घेते? म्हटलं, दात तर गेलेच, आता तुझी चवही गेली. त्यानं टोपी घातली नि गेला. त्याच भांड्यातलं पाहुण्यांनी पुसून खाल्लं, वाहवा केली, पाणी मात्र माठभर प्याले. त्यानंतर फॉस्टिन आलेला नाही.

चव त्याची नाही गेली, ओडेट. माझी गेली. जानेवारीत ताप आला, जाताना चव घेऊन गेला. साबण नि शेपटी मला सारखीच. येईल परत, म्हणून कुणाला बोलले नाही. त्या दिवशी सवयीनं तुकडा तोंडात टाकला, काही लागलं नाही, म्हणून मीठ उतरलं समजून थर लावले. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. आता पाहुण्यांना विचारून काय उपयोग? मला नाही म्हणणारं माणूस हवंय. काल फॉस्टिनच्या होडीपाशी जाऊन त्याला खरं सांगितलं. म्हणाला, मग जिला हाकललंस तिला बोलाव, तोवर मी घरचं खातो. शुक्रवारपर्यंत ये. शेपटी भिजवून ठेवते. तू तुकडा चाखून हो म्हणेपर्यंत चूल पेटवणार नाही, गाडी दारात उभी राहिली तरी. तुझा चमचा खिळ्यालाच आहे.

तुझीच,
क्लॅरिस