अकराची गोळी

४ फेब्रुवारी

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू साठी ओलांडलीस तरी मी तुला लंबकच म्हणणार. लहानपणी खुर्चीवर बसून पाय हलवायचास, ते घड्याळं दुरुस्त करायला शिकेपर्यंत थांबले नाहीत. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तुझे कान अर्धं ऐकतात आणि उरलेलं अर्धं तू पदरचं घालतोस. त्यापेक्षा पत्र बरं.

घाबरण्यासारखं काही नाही. मागच्या महिन्यात पाठीत कळ आली म्हणून इस्पितळात गेले. मुतखडा असेल म्हणून त्यांनी पोटाचा स्कॅन काढला. खडा निघालाच नाही, निघालं भलतंच. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते म्हणे. माझ्या डावीकडच्या ग्रंथीवर गाठ आहे, कोटाच्या बटणाएवढी. कॅन्सरची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. अशा गाठी पुष्कळांना असतात आणि बहुतेक आयुष्यभर गप्प बसतात. पण काही गाठी गुपचूप कॉर्टिसॉल नावाचं रसायन जास्त बनवत राहतात. त्यानं रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, कंबर वाढते आणि हातपाय बारीक होतात. हे ऐकून घरी आल्यावर मी टेप काढला. चाळीस वर्षं शिवणकाम करताना जगाची मापं घेतली, स्वतःचं घ्यायचं गेली काही वर्षं राहूनच गेलं होतं. वहीतल्या जुन्या मापापेक्षा कंबर तीन इंचांनी वाढलीय आणि दंड अर्ध्या इंचानं उतरलाय.

तिथे अशा गाठी असलेल्या माणसांचा अभ्यास चालू आहे. कोणाची गाठ काय उद्योग करते हे कळावं म्हणून एक गोळी देतात. रात्री अकराला घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. शहाणं शरीर असेल तर गोळी पोटात जाताच कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. ज्यांची गाठ कुणाला जुमानत नाही, त्यांच्या रक्तात ते सकाळीही भरपूर सापडतं. माझ्या रक्तात भरपूर सापडलं, म्हणून मला अभ्यासात घेतलं.

बाकी सगळं होतं तसंच. शेजारची जागा वर्षभर बंद आहे हे तुला लिहिलंच होतं, आता खालचं कुटुंबही गेलं. जिन्यात माझ्या एकटीच्या चपला वाजतात. तुझे भावोजी गेले त्याला या महिन्यात पाच वर्षं होतील. मशीन आठवड्यातून एकदा नुसतंच फिरवते, गंजू नये म्हणून.

उत्तर लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

०

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. गाठ कुणाला जुमानत नाही यात नवल ते काय? आपल्या घरात कोण कुणाला जुमानत होतं? थट्टा सोड, पण काळजी वाटते. दर तपासणीचं मला सविस्तर लिही. मला कळणार नाही असं समजून गाळू नकोस. घड्याळाच्या पोटातलं कळतं, तर तुझ्याही पोटातलं कळेल.

एक शंका आली. तू नऊला डोळे मिटणारी बाई, अकरापर्यंत जागलीस कशी? पुढच्या वेळी पंचाईत नको म्हणून सोबत गजराचं घड्याळ पाठवतोय. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते सात वर्षांत फिरकलं नाही. सगळं खोलून, साफ करून, तेल घालून पुन्हा जुळवलंय. गजराचा काटा अकरावर लावून ठेवलाय, तू फक्त किल्ली दे.

दुकान मी अजून रोज दोन तास उघडतो. लोक वेळ फोनात बघतात, त्यामुळे येतं कोण? भिंतीवर सतरा घड्याळं आहेत, दिवसभर सगळी बोलत असतात, पण एकाशीही भांडता येत नाही. तुझ्याकडे यायचं दर वर्षी ठरवतो आणि दर वर्षी काहीतरी निमित्त काढून बसतो. यंदा मात्र नक्की.

तब्येतीला जप आणि या धाकट्याला विसरू नकोस.

तुझा लंबक

०

१२ मे

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

घड्याळ सुखरूप पोचलं. पत्राला उशीर झाला, कारण मी आता कामाची बाई झालेय.

या अभ्यासात एक परिचारिका आहे. काटकुळी, टोकदार, कपाळावर बारीकशी आठी. मनातल्या मनात मी तिला टाचणी म्हणते. दर मंगळवारी संध्याकाळी पाचला तिचा फोन येतो. झोप कशी लागली, रक्तदाब किती, जिना चढताना मांड्या थकतात का, मन उदास असतं का, असं एकेक विचारते आणि लिहून घेते. मी बोलत असताना घाई करत नाही. मागच्या मंगळवारी मी तिला कोटाची बाही कशी बसवतात ते सांगत बसले आणि तिनं तेही ऐकून घेतलं. लंबक, झोप कशी लागली हे मला पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सोमवारपासूनच मी सांगण्याजोगं काय काय आहे ते आठवत बसते.

एकदा पूर्ण दिवसाची लघवी डब्यात साठवून न्यायची होती. तो डबा मी शिवणाच्या पिशवीत घातला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, काय शिवून नेताय? मी म्हटलं, स्वतःचंच आहे.

डॉक्टरीणबाई मात्र चक्रावल्यात. लघवीत सगळं ठीक येतं आणि गोळीनंतरच्या रक्तात भरमसाट. मागच्या आठवड्यात गोळीची तपासणी पुन्हा केली, पुन्हा तेच. माझ्यावर त्यांच्या बैठकीत अर्धा तास चर्चा झाली म्हणे. या वयात कुणी माझी चर्चा करेल असं वाटलं नव्हतं.

तुझं घड्याळ अगदी झकास आहे. अकराला असं ठणाणा वाजलं की शेजारीण भिंतीवर टकटक करायला लागली. गोळी घेतली आणि झोपले.

लोभ आहे तो घट्ट विणलेला असू दे.

तुझी ताई

०

२८ जून

चि. लंबक यास, आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, त्यातली एक हवेबद्दल. रागावलास का?

हेही कार्डच, कारण बातमी छोटी आहे. मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं की गाठीसकट ती ग्रंथी काढून टाकावी. वीस ऑगस्ट ठरलाय. दुर्बिणीतून करतात, तीन भोकं पाडून. डॉक्टरीणबाई माझ्या केसवर वेगळा लेख लिहिणार आहेत, म्हणजे माझ्यासारख्या इतर बायकांना उपयोग होईल. टाचणीनं हात हातात घेऊन धीर दिला. मी ठीक आहे.

ताई

०

५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्ड वाचून जागेवरून उठलो तो थेट तिकीट काढूनच परत आलो. अठरा ऑगस्टला निघतो, एकोणीसला तुझ्याकडे. दोन दिवस आधी दुकानाला कुलूप लावीन. ऑपरेशननंतर तुला हवं तेवढे दिवस राहीन. स्वयंपाक मला एकच येतो, तो तुला रोज खावा लागेल.

पाच वर्षं येतो येतो म्हणत राहिलो आणि यायला तुझ्या पोटावर सुरी फिरायची वेळ यावी लागली, याची लाज वाटते.

ताई, एक विचारतो. गोळी दोन्ही वेळा घेतली होतीस ना? घड्याळ वाजलं होतं ना? ऑपरेशन ही काही उसवून पुन्हा शिवायची गोष्ट नाही. एवढं मनाशी नीट आठव आणि मला लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल, डॉक्टरीणबाईंना सांग.

माझ्या विचारण्याचा राग धरू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझा लंबक

०

२४ जुलै

चि. लंबक यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला एकोणीस दिवस लागले.

पहिली गोळी खरंच चुकली. नऊला जी झोपले ती पहाटेच उठले, तर गोळी उशाशी तशीच. इस्पितळात टाचणीनं विचारलं, घेतली ना? माझ्यामागे दहाजण रांगेत होते. म्हातारी झोपून गेली हे सांगायची लाज वाटली आणि तोंडातून हो निघून गेलं. मग चार दिवसांनी फोन आला की रक्तात जास्त आहे, अभ्यासात याल का? कोणीतरी मला कुठेतरी बोलावत होतं, लंबक. मी हो म्हटलं.

दुसरी गोळी चुकली नाही. मी खुर्चीत ताठ बसून अकरापर्यंत जागी राहिले, गोळी हातात घेतली आणि बटणांच्या डब्यात टाकली. घेतली तर गाठ गप्प निघेल आणि मंगळवार जाईल, एवढंच मनात होतं. तुझ्या घड्याळाला मी किल्लीसुद्धा दिली नाही. आलं तसं कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. तू इतक्या प्रेमानं पाठवलेलं, त्याच्यासमोर खोटं वागायचा धीर झाला नाही.

माप घेताना पोट आत ओढणाऱ्या बायकांना मी चाळीस वर्षं दरडावलं. मापाला खोटं बोलाल तर कपडा तुमच्याच अंगावर फाटेल, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि इथे माझ्या एका खोट्या मापावर कोण जाणे किती बायकांचे कपडे बेतले जाणार होते. ऑपरेशनची मला इतकी भीती वाटली नाही, त्या लेखाची वाटली. त्यात तू तिकीट काढलंस. आता खरं सांगितलं तर तूही येणार नाहीस, म्हणून आणखी दहा दिवस गप्प बसले. हेही लिहूनच टाकते.

मागच्या सोमवारी दोन्ही गोळ्या पुडीत बांधून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा काढून पुडीशेजारी ठेवला. मग विचारलं की असं का केलंत. मी म्हटलं, मंगळवारसाठी. टाचणी तिथेच उभी होती, ती खिडकीबाहेर बघायला लागली. त्यांनी मला एक रात्र तिथेच ठेवून घेतलं, गोळी समोर उभं राहून गिळायला लावली आणि सकाळी रक्त घेतलं. कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. माझी गाठ अगदी आज्ञाधारक आहे. कंबर नुसत्या वयानं आणि बसून राहण्यानं वाढलीय.

ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरीणबाई रागावल्या असतील, पण तसं दाखवलं नाही. म्हणाल्या, गप्प गाठीच्या लोकांचीही तुलनेसाठी यादी लागते, तुमचं नाव तिकडे घालते. त्या यादीतल्यांना वर्षातून एकदा फोन असतो.

परवा मंगळवार होता. सवयीनं पाचला फोनजवळ जाऊन बसले. मग उठून मशीनला तेल घातलं.

तू तिकीट परत कर. आता येण्यासारखं काही उरलेलं नाही. रागावला असशील तर थोडाच राग, आणि उरलेला लोभ असू दे.

ताई

०

३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकीट परत केलेलं नाही. फक्त बदलून घेतलं, कारण वीस ऑगस्टपर्यंत थांबायचं आता कारण उरलं नाही.

मलाही एक सांगायचंय. फेब्रुवारीत तुझं घड्याळ पोस्टात देऊन दुकानात परतलो, तर टेबलावर काचेच्या झाकणाखाली गजराची हातोडी पडलेली. घंटेवर आपटते तीच. सगळं खोलून जुळवलं आणि नेमकी तीच बसवायची विसरलो. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं, म्हणून लिहायला कमीपणा वाटला. म्हटलं, ताई कळवेलच की वाजत नाही, मग दोघं हसू. तर तुझं पत्र आलं की ठणाणा वाजलं आणि शेजारणीनं भिंतीवर टकटक केली.

हातोडीविना ते घड्याळ वाजूच शकत नाही. आणि तुझ्या शेजारची जागा तर वर्षभर बंद आहे. गोळीपेक्षाही त्या नसलेल्या शेजारणीनं मला जास्त त्रास दिला. तेवढी एक टकटक तू मनानं घालून घेतलीस.

म्हणजे मला मे महिन्यापासून माहीत होतं. तुला विचारायला बसलो की हात थांबायचा. विचारलं तर तू खरं सांगशील, मग तुझा मंगळवार जाईल, आणि माझी ती लांबलचक पत्रंही जातील. पाच वर्षांत तू मला एवढं कधी लिहिलं नव्हतंस. मी ते जपून ठेवत होतो आणि तू तिकडे सुरीखाली जायला निघाली होतीस. हवेबद्दलची ओळ त्यासाठी होती. डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसण्याची हिंमत तुझ्यात होती, माझ्यात साधं कार्ड लिहिण्याची नव्हती.

बारा ऑगस्टला येतो. गाडी चारला पोचते, तुझ्या दारात पाचपर्यंत येईन. मंगळवार आहे, मुद्दाम बघूनच काढलं. झोप कशी लागली ते मी विचारीन. माझे कान तुला माहीत आहेत, तेव्हा जरा जवळ बसून सांगावं लागेल.

टेप हाताशी ठेव. माझे सदरे सगळे विटलेत. पोट आत ओढणार नाही.

घड्याळ गुंडाळलेलंच राहू दे. हातोडी माझ्या खिशात आहे, आल्यावर बसवतो. त्या रात्री दोघंही अकरापर्यंत जागू आणि वाजतं का ते बघू.

थोडासुद्धा राग नाही, सगळा लोभच आहे. तो तुझ्याकडूनही तसाच यावा.

तुझा लंबक